‘देवाला आधीच ठाऊक आहे ना?’ : बायबल वर्गात आलेल्या एका प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी असलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले (चर्चमधले) आहे. संबंधित पतीपत्नींच्या संमतीने ते लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कोणाचेही नाव घेतलेले नाही. ज्यांच्यासंबंधी हे सारे घडले त्यांना मी मेकॅनिक म्हणेन, कारण ते एस. टी. च्या आगारात त्याच कामावर आहेत आणि त्यांच्या कामाचा या प्रकरणाशी निकटचा संबंध आहे. मी निवृत्त शिक्षक असून मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी बायबल वर्ग घेतो. प्रकरणातली पहिली मोठी चूक माझी आहे, हे सुरुवातीलाच नोंदवतो.

आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली आहे. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगरला त्याचे काम रुजले. मिशनरी अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांमधून आले होते आणि त्या मंडळ्या मुळात धर्मसुधारक कॅल्विनच्या, देवानेच सर्व काही आधी नेमले आहे या शिकवणुकीवर उभ्या होत्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा निरनिराळ्या परंपरांतील मंडळ्या एका छत्राखाली आल्या. परिणामी, देवाने सर्व काही आधीच नेमले आहे असे मानणारे आजोबा आणि देवाची कृपा नाकारण्याची मुभा माणसाला आहे असे मानणारी त्यांची मेथडिस्ट घराण्यातली सून एकाच बाकावर बसून ‘उपासना संगीता’तले एकच गीत गातात. एरवी या फरकाची कोणाला जाणीवही नसते. ती होते ती संकटाच्या दिवशी.

याखाली आणखी एक थर आहे आणि तो मिशनच्या पुष्कळ आधीचा आहे. मूल जन्मल्यावर सटवाई येऊन त्याच्या कपाळी लिहून जाते, हे आमच्या पणज्यांनी ऐकलेले होते. बाप्तिस्मा घेताना त्यांनी सटवाई सोडली, पण ‘लिहिलेलं चुकत नाही’ हे वाक्य घरातून गेले नाही. स्तोत्रसंहितेच्या १३९ व्या स्तोत्रात कवी म्हणतो की माझा एकही दिवस उगवण्यापूर्वी माझे सगळे दिवस देवाच्या वहीत लिहिलेले होते. मूळ स्तोत्रात हे एका माणसाने विस्मयाने आणि निर्धास्तपणे काढलेले उद्गार आहेत. आमच्याकडे ते वाचले जाते तेव्हा कित्येकांच्या कानावर कपाळावरचे अक्षरच पडते, आणि ‘देवाला ठाऊक होते’ याचे ‘देवाने ठरवले होते’ कधी झाले ते बोलणाऱ्यालाही कळत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

मेकॅनिक त्या वेळी ४६ वर्षांचे होते. पंधराएक वर्षे ते दारूच्या आहारी गेलेले होते. पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आल्यावर आणि त्यानंतर अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्परमदत गटाच्या साप्ताहिक सभांना नेमाने जाऊ लागल्यावर त्यांची दारू सुटली होती, आणि ती सव्वादोन वर्षे सुटलेली राहिली होती. त्यांच्या पत्नी अंगणवाडीत काम करतात. घर त्यांनीच सावरले होते.

त्या सुमारास शेजारच्या तालुक्यात तीन दिवसांच्या उज्जीवन सभा (विश्वास नव्याने जागवण्यासाठीच्या जाहीर सभा) झाल्या. शेवटच्या रात्री बाहेरगावच्या एका उपदेशकांनी मेकॅनिकना व्यासपीठावर बोलावले, डोक्यावर हात ठेवला आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितले की देवाने त्यांचा पुढचा सगळा मार्ग आपल्याला दाखवला आहे आणि त्या मार्गावर कोठेही बाटली नाही. मंडळीतल्या तरुणांना हे उपदेशक फार प्रिय होते. मेकॅनिक त्या रात्री रडले आणि घरी येऊन त्यांनी सर्वांना सांगितले की आता शेवट ठाऊक झाला.

यानंतर त्यांनी साप्ताहिक सभांना जाणे थांबवले. त्यांचा विचार सरळ होता: देवाने मी पिणार नाही असे पाहिले असेल तर मी पिणे शक्य नाही, आणि तरीही मी खबरदारी घेत राहिलो तर तो अविश्वास ठरेल. सात महिन्यांनी, आगारातली एक चौकशी चालू असताना आणि घरात भावकीच्या जमिनीचा वाद पेटलेला असताना, एका लग्नघरी ते प्याले. मग सलग प्याले.

बायबल वर्गात ते दोन आठवड्यांनी आले आणि सर्वांसमोर त्यांनी विचारले, “सर, मी पुन्हा पिणार की नाही, हे देवाला आधीच ठाऊक आहे ना? मग मी झगडून काय बदलणार आहे?”

पुढे कळले की या प्रश्नामागे त्यांनी न बोललेला आणखी एक प्रश्न होता. भाकीत देवाचे होते आणि मी प्यालो, म्हणजे एक तर देव चुकला, नाही तर देवाने ज्यांना पूर्वीपासून निवडले त्यांच्यात मी नाहीच. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातली साखळी (ज्यांना देवाने पूर्वी जाणले, ज्यांना नेमले, ज्यांना पाचारण केले, ज्यांचे गौरव केले) त्यांना पाठ होती. आपण त्या साखळीच्या बाहेर आहोत असे त्यांनी मनाशी धरले होते.

पहिले उत्तर आणि ते का फसले

मी लगेच उत्तर दिले. हा प्रश्न जुना आहे, त्याला मान्यवर उत्तरे आहेत आणि ती मला येतात, याचा मला भरवसा होता. संत ऑगस्टिन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस मांडलेला दाखला मी सांगितला: तुम्हाला कालची गोष्ट आठवते म्हणून ती गोष्ट तुम्ही घडवली असे होत नाही, त्याचप्रमाणे देवाला उद्याची गोष्ट ठाऊक आहे म्हणून ती तो तुमच्याकडून बळजबरीने करवून घेतो असे होत नाही. जाणणे वेगळे, घडवणे वेगळे. आणि हे त्यांच्या मनाला भिडावे म्हणून मी त्यांच्याच कामातला दाखला जोडला. आवाज ऐकून तुम्हाला कळते की या गाडीची क्लचप्लेट आज ना उद्या जाणार. पण म्हणून ती तुम्ही मोडली असे कोणी म्हणेल का?

वर्गातल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. मेकॅनिक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, “पण सर, मला माहीत असून मी गाडी आगाराबाहेर सोडली, तर चौकशी माझीच होते.”

मला उत्तर सुचले नाही. वर्ग प्रार्थनेने संपवला. पुढचे दोन रविवार ते उपासनेला आले नाहीत.

या एका वाक्याने माझ्या दाखल्याचे काय झाले हे समजायला मला बरेच दिवस लागले. ‘जाणणे म्हणजे घडवणे नव्हे’ हे विधान खरे आहे, पण ते फक्त माणसाच्या कृतीची मालकी माणसाकडे ठेवते. ज्याला ठाऊक होते आणि जो थांबवू शकत होता, त्याच्या जबाबदारीविषयी ते काहीच सांगत नाही. मी स्वातंत्र्याच्या प्रश्नाला उत्तर देत होतो. ते विश्वासाचा प्रश्न विचारत होते: ज्याने मला या रस्त्यावर जाऊ दिले, तो माझ्या बाजूचा आहे का?

कोणते पर्याय समोर होते

मी मंडळीच्या पाळकसाहेबांकडे (धर्मगुरूंकडे) गेलो. त्यांनी एका वडीलबाईंनाही, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एकींना, बोलावले. त्या निवृत्त परिचारिका आहेत. तीन संध्याकाळी आम्ही बसलो.

पहिला पर्याय प्रश्न थांबवण्याचा होता. देवाचे मार्ग अगम्य आहेत, गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत (बायबलमधले ‘अनुवाद’ हे पुस्तक, २९:२९), एवढे सांगून प्रार्थना करायची. यात असत्य काही नाही. परंतु व्यासपीठावरून ज्यांना भविष्य ठामपणे सांगितले गेले, त्यांना ते भविष्य खोटे ठरल्यावर ‘हे गूढ आहे’ असे सांगणे म्हणजे संकटात दार लावून घेणे झाले असते. तो आम्ही सोडला.

दुसरा पर्याय आमच्याच परंपरेतला होता. १६१८-१९ च्या नेदरलँड्समधील डॉर्टच्या धर्मसभेने, माणूस देवाची कृपा नाकारू शकतो असे मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांची मते नाकारून निवड सर्वस्वी देवाची आहे असे ठरवले. त्याच प्रवाहातले न्यू इंग्लंडचे धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्स यांनी १७५४ मध्ये मांडले की देवाचे पूर्वज्ञान (घटना घडण्याआधीच ठाऊक असणे) खरे असेल तर ती घटना टळू शकत नाही, आणि तरीही माणूस स्वतंत्र आहे, कारण तो स्वतःला हवे तेच करतो. या मतात एक मोठा आधार आहे आणि तो मी नाकारणार नाही: माझे तारण माझ्या निश्चयाच्या ताकदीवर लटकलेले नाही. पण व्यसनी माणसाला ‘तुम्ही स्वतंत्र आहात कारण तुम्ही स्वतःला हवे तेच केले’ हे ऐकवणे कठोर आहे. त्याला जे हवे असते तेच त्याला नको असते. हीच तर त्याची व्यथा. शिवाय जो माणूस स्वतःला न निवडलेल्यांत मोजू लागला आहे त्याच्यासमोर निवडीची शिकवण चुकीच्या दिवशी उघडली, तर ती आधार न राहता निकालपत्र होते.

तिसरा पर्याय रोमन तत्त्वज्ञ बोएथियस यांचा होता. इ. स. ५२४ च्या सुमारास मृत्युदंडाची वाट पाहत कैदेत असताना त्यांनी लिहिले की देव काळात पुढे पाहत नाही. अनंतकाळ म्हणजे अमर्याद जीवन एकाच वेळी समग्र हाती असणे, आणि म्हणून आपल्याला जे उद्याचे आहे ते देवाला समोर चाललेले दिसते. पुढे तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी त्याला उंचावरच्या माणसाची उपमा दिली: रस्त्याने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावरून पाहणाऱ्याला सगळा रस्ता एकदम दिसतो. मी बसलेला कोणाला दिसतो म्हणून मला बसावे लागत नाही.

इथे मराठीत एक भेद फार स्वच्छ करता येतो, आणि तो आम्ही नंतर वर्गात वापरला. ‘देवाला ठाऊक आहे ते घडेलच’ आणि ‘देवाला ठाऊक आहे ते घडणे भाग आहे’ ही दोन वाक्ये सारखी वाटतात. पहिल्यात फक्त एवढेच आहे की देवाचे ज्ञान चूक असू शकत नाही. मी वेगळे वागलो असतो तर त्याला वेगळे ठाऊक असते. दुसरे वाक्य माझ्यावर जबरदस्ती लादते. पहिले मान्य केले म्हणून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. मात्र एवढ्याने प्रश्न मिटतो असे मी म्हणणार नाही. माझ्या जन्मापूर्वी देवाला काही ठाऊक होते, ही गोष्ट आता भूतकाळ आहे, आणि भूतकाळ माझ्या हातात नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन पाइक यांनी १९६५ मध्ये ही अडचण नेमकी मांडल्यापासून तत्त्वज्ञ तिच्याशी झगडत आहेत. बोएथियस यांचे म्हणणे असे की देवाचे ज्ञान भूतकाळात नाहीच. पण ते ज्ञान भाकीत होऊन कोणाच्या तोंडून बाहेर पडले तर मग काय? ते तर एका ठराविक रात्री, ठराविक शब्दांत काळात येऊन पडते. आमचे प्रकरण नेमके इथेच अडकले होते.

चौथा पर्याय लुईस दे मोलिना या स्पॅनिश येशूसंघीय (जेझुइट) धर्मपंडितांचा. त्यांनी १५८८ मध्ये मांडले की देवाला फक्त जे घडणार तेच ठाऊक असते असे नाही. कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत आपणहून काय करील, हेही त्याला ठाऊक असते. डोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या पंडितांनी, विशेषतः दोमिंगो बान्येस यांनी, याला कडाडून विरोध केला. रोममध्ये वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या आणि १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणालाही दोषी न ठरवता, एकमेकांना पाखंडी म्हणू नका अशी ताकीद देऊन विषय थांबवला. (त्याच काळात गोव्यात येशूसंघीयच असलेले फादर थॉमस स्टीफन्स वावरत होते आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत आणत होते, १६१६ मध्ये ती छापली गेली. त्या ओव्या ज्या लोकांसाठी होत्या, त्यांच्याच भाषेत चारशे वर्षांनी आम्ही त्याच वादाशी झुंजत होतो, याची आठवण मला त्या बैठकींत वारंवार झाली.)

मोलिना यांच्या मताला बायबलमधला जो उतारा सर्वांत जवळचा, तो १ शमुवेलच्या २३ व्या अध्यायात आहे. जिवावर उठलेल्या शौल राजापासून पळणारा दावीद कईला गावात आहे. तो देवाला विचारतो: शौल इथे येईल काय? देव म्हणतो: येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील काय? देव म्हणतो: देतील. हे ऐकून दावीद आपली सहाशे माणसे घेऊन गावाबाहेर पडतो. शौल येत नाही. कोणी कोणाला धरून देत नाही. देवाने जे सांगितले ते घडले नाही आणि तरी देव खोटा ठरला नाही, कारण ते ‘तू इथे राहिलास तर’ या अटीवर होते, आणि ती अट दावीदच्या पायांत होती. वडीलबाई हा उतारा वाचून म्हणाल्या, “म्हणजे देवाने सांगितलं ते त्याने उठून चालायला लागावं म्हणून.”

पाचवा पर्याय अलीकडचा: १९९० च्या दशकात अमेरिकेतील काही इव्हँजेलिकल विचारवंतांनी मांडले की माणसाच्या स्वतंत्र निवडी अजून झालेल्याच नाहीत, म्हणून त्या जाणण्याजोगी वस्तूच नाहीत, आणि त्या ठाऊक नसल्याने देवाच्या सर्वज्ञत्वाला उणेपणा येत नाही. पाळकसाहेबांना हे मान्य नव्हते, मलाही नाही. १३९ व्या स्तोत्रातला कवी म्हणतो की शब्द माझ्या जिभेवर येण्यापूर्वीच देवाला ठाऊक असतो, आणि ते बाजूला ठेवणे आम्हाला जमले नाही. पण हिज्कीया राजाच्या आयुष्याला वाढवून दिलेली १५ वर्षे किंवा निनवे शहरावरचे टळलेले संकट हे, देवाने सांगितलेले बदलले असे दाखवणारे, उतारे या मताची माणसे आपल्यापेक्षा गांभीर्याने वाचतात, हे कबूल करायला हवे.

आणि सहावा पर्याय वडीलबाईंनी मांडला: तत्त्वज्ञान नंतर, आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. ‘प्रार्थना करून उद्यापासून सोडा’ असा सल्ला कोणी दिला तर तो घातक ठरेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

काय ठरवले आणि काय केले

आम्ही सहावा पर्याय आधी घेतला. पाळकसाहेब आणि वडीलबाई घरी गेले. मेकॅनिक डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ दिवस रुग्णालयात राहिले. त्या आठ दिवसांत मी तीनदा भेटलो आणि प्रश्नाला हात घातला नाही.

त्यानंतरचा निर्णय अवघड होता: भाकिताचे काय करायचे? ते चुकले असे मंडळीतून उघड सांगावे की सोडून द्यावे? तरुणांचा गट दुखावेल, उपदेशकांचा मान जाईल, मंडळीत फूट पडेल, असे पाळकसाहेबांना वाटत होते आणि ती भीती अनाठायी नव्हती. दोन वाटा होत्या. अनुवाद १८:२२ सांगते की परमेश्वराच्या नावाने बोललेले घडून आले नाही तर ते परमेश्वराचे वचन नव्हे. उलट योनाने निनवेचा नाश चाळीस दिवसांत होईल असे विनाअट सांगितले, तो झाला नाही, आणि तरी योना देवाचाच संदेष्टा राहिला. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात कुंभाराच्या घरी देव स्वतःच समजावतो की लोक वळले तर माझे बोलणेही वळते. उपदेशकांच्या बाजूने बोलणारे योनाचा आधार घेत होते. मला वाटले, आणि अजूनही वाटते, की तो आधार इथे लागू नाही. योनाच्या भाकिताने निनवेची माणसे उठून वळली; या भाकिताने एक माणूस आपली आधाराची काठी टाकून बसला. ज्या ज्ञानाने माणसाचे हातपाय थांबतात ते ज्ञान कईलाच्या देवाकडून आलेले नाही, एवढे म्हणण्याचे धाडस आम्ही केले. मेकॅनिकच्या घरी, त्यांच्या पत्नीसमोर, पाळकसाहेबांनी सांगितले की ते भाकीत चूक होते आणि मंडळीने ते त्याच वेळी तपासायला हवे होते.

मेकॅनिकच्या पत्नी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. त्या म्हणाल्या, “पंधरा वर्षं मी रोज पहाटे प्रार्थना केली. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर माझी प्रार्थना कुठे जाते?” आमचा सगळा वेळ पतीच्या प्रश्नावर गेला होता.

या दोन्ही प्रश्नांना आम्ही लूकच्या २२ व्या अध्यायातून सामोरे गेलो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो की आज कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. हे पूर्वज्ञान आहे आणि त्यात अट नाही. परंतु त्याच्या जरा आधी तो म्हणतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. ज्याला पडणे ठाऊक आहे तोच प्रार्थना करत आहे. ज्याला पडणे ठाऊक आहे त्याला परत येणेही ठाऊक आहे, आणि परत आल्यावर करायचे काम तो आधीच सोपवून ठेवत आहे. सगळे ठाऊक असलेल्याने केलेली प्रार्थना व्यर्थ नसेल, तर काहीच ठाऊक नसलेल्या पत्नीची पहाटेची प्रार्थना व्यर्थ कशी ठरेल? मी हे तत्त्वज्ञानाचे उत्तर म्हणून सांगितले नाही. आगाराबाहेर गाडी सोडणाऱ्याची चौकशी व्हायला हवी, हे त्यांचे म्हणणे मी मान्य केले, आणि एवढेच म्हणालो की हा सोडणारा मागे कार्यालयात बसून राहिला नाही. त्याच रात्री तो स्वतः पकडला गेला.

मग योहानाच्या पाचव्या अध्यायातला बेथेस्दाच्या तळ्याकाठचा माणूस वाचला. तो ३८ वर्षे आजारी होता. येशूला हे ठाऊक होते असे योहान स्पष्ट लिहितो, आणि त्याच वचनात येशू त्याला विचारतो की तुला बरे व्हायची इच्छा आहे काय? मेकॅनिक या ठिकाणी थांबले. “ठाऊक असून विचारतो,” असे ते दोनदा म्हणाले.

त्यांनी साप्ताहिक सभांना पुन्हा जावे, असा आमचा आग्रह होता. तिथे पहिल्या पायरीवर दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करावे लागते. वर्गातल्या एकाने विचारले की हतबल म्हणवून घ्यायचे आणि इच्छास्वातंत्र्यही मानायचे, हे कसे? याचे उत्तर मेकॅनिकनीच दिले: ब्रेक निकामी झालेली गाडी थांबवणे चालकाच्या हातात नसते, पण ती वर्कशॉपला लावायची की नाही हे गाडी उभी असताना त्याच्या हातात असते.

काय झाले

हे लिहीत असताना त्यांना पुन्हा सुरुवात करून अकरा महिने झाले आहेत. चौथ्या महिन्यात ते एकदा प्याले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फोन केला. आगारातली चौकशी संपली, एक वेतनवाढ रोखली गेली. जमिनीचा वाद चालूच आहे.

मंडळीत ठरले की कोणाच्याही आयुष्याविषयीचे वैयक्तिक भाकीत व्यासपीठावरून सांगितले जाणार नाही. कोणाला तसे वाटलेच तर त्याने ते पाळक आणि दोन वडील यांच्यापुढे मांडावे. यावरून तीन कुटुंबे मंडळी सोडून गेली. त्यांपैकी एक माझ्या जवळच्या माणसांचे आहे. उपदेशकांना आम्ही पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

निवडीच्या शिकवणुकीचा मेकॅनिकना अजून धाक आहे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वर्गात आला की ते बाहेर जाऊन बसतात. आम्ही त्यांना थांबवत नाही. त्यांच्या पत्नी म्हणतात की पहाटेची प्रार्थना त्या पुन्हा करू लागल्या आहेत, पण आता ‘यांची दारू सुटू दे’ असे न म्हणता ‘आजचा दिवस’ एवढेच म्हणतात.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, त्या गुरुवारी मी उत्तर द्यायला नको होते. ऑगस्टिन यांचा दाखला चूक नाही, पण प्रश्न कोणता आहे हे विचारल्याशिवाय मी तो वापरला. ‘हे तुम्हाला आज का विचारावेसे वाटले?’ एवढे एक वाक्य बोललो असतो तर भाकिताची गोष्ट त्याच संध्याकाळी बाहेर आली असती आणि ते दोन रविवार वाया गेले नसते. त्या दोन आठवड्यांत ते किती प्याले हे नंतर कळले तेव्हा मी फार वेळ बोलू शकलो नाही.

दुसरे, उज्जीवन सभेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे आनंदात होतो. सव्वादोन वर्षे ज्या सभांनी त्यांना उभे ठेवले त्यांना ते जात नाहीत, हे सात महिन्यांत मंडळीतल्या एकालाही खटकले नाही. मला माहीत होते. मी ते विश्वासाचे लक्षण मानले.

तिसरे, मेकॅनिकच्या पत्नींना आम्ही पहिल्या तीन बैठकांना बोलावले नाही. पूर्वज्ञानाचा प्रश्न आम्ही फक्त कृती करणाऱ्याच्या बाजूने पाहिला. ज्याच्यासाठी कोणी दुसरे प्रार्थना करत असते, त्या दुसऱ्याच्या बाजूने तो तितकाच बोचतो. पाळकसाहेबांचे मत असे की त्यांना आधी बोलावले असते तर त्यांच्यावर आणखी एक ओझे पडले असते. या बाबतीत आमचे एकमत झालेले नाही.

चौथ्या गोष्टीबद्दल माझेच मन अजून ठरत नाही. भाकीत चूक होते असे पाळकसाहेबांनी घरात सांगितले; भाकीत मात्र ध्वनिक्षेपकावरून झाले होते. ते ऐकलेली शेकडो माणसे अजून त्याच समजुतीत आहेत, आणि त्यांच्यात आणखी कोणी आपली काठी टाकली असेल तर आम्हाला कळण्याचा मार्ग नाही. पण उघड सांगायचे म्हणजे मेकॅनिकचे पिणेही उघड सांगायचे, आणि त्याला ते अजून तयार नाहीत. गेल्या महिन्यात मी पुन्हा विचारले. ते म्हणाले की वर्षभराने विचारा, आणि मग थोडे थांबून त्यांनी मला विचारले, “सर, पेत्राला आधी सांगितलं नसतं, तर कोंबडा आरवल्यावर त्याला कळलं असतं का, की कुणीतरी आपल्यासाठी आधीच विनंती करून ठेवली आहे?”

या वेळी मी लगेच उत्तर दिले नाही. पुढच्या गुरुवारी लूकचा तोच उतारा ठेवला आहे आणि वाचन तेच करणार आहेत.